शून्यावरचा काटा

आमच्या वर्कशॉपच्या दाराशी एक दगडी पाटी टांगलेली असायची, पूर्वी शाळेतली मुलं वापरायची तसली. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी काका तिच्यावर खडूने स्वतःबद्दल काहीतरी लिहायचे. मी नोकरीला लागलो त्या पहिल्या सकाळी तिच्यावर लिहिलं होतं: 'आज अमावस्या. विश्वास नाही. भीती आहे.'

मला वाटलं, कुणीतरी कुणाची टिंगल केली आहे. मग निळ्या कोटातला एक बुटका माणूस आत आला, त्याने पाटीकडे बघून मान हलवली आणि मला म्हणाला, "आज नवीन मीटर बाहेर पाठवायचं नाही. मी देव मानत नाही, पण अमावस्येला माझा हात जड पडतो. पाठवलंच तर माझ्या हातून चूक होईल, मग अमावस्या खरी ठरेल. तिला कशाला संधी द्या?"

ते काका. प्लांटमधले गुजराती लोकही त्यांना काकाच म्हणायचे आणि पाटीपाशी थांबून वाचायचे. एखादा विचारायचा, "काका, आजे मगज गरम छे?" तर काका शांतपणे बोट दाखवायचे. पाटीवर लिहिलेलं असायचं: 'काल मुलाशी फोनवर वाद. आज सगळे मूर्ख दिसतील.' विचारणारा हसत मागे फिरायचा. त्या दिवशी काका खरंच सगळ्यांना मूर्ख म्हणायचे आणि कुणालाच राग यायचा नाही.

कंपनी बडोद्याच्या बाहेर, रसायनांची. आमचं काम दाबाची मीटरं तपासायचं. टाक्यांवर, वाफेच्या नळांवर लावलेली गोल तबकडीची मीटरं उतरवून आणायची, टेस्ट बेंचवर बसवायची, बेंचच्या पिस्टनवर एकेक वजन चढवत जायचं आणि बघायचं. दहाचं वजन ठेवल्यावर काटा दहावर येतो का साडेनऊवर? जो फरक येईल तो पत्र्याच्या टॅगवर ठोकून लिहायचा आणि तारेने मीटरला बांधायचा. हे मीटर अर्धा कमी दाखवतं. हे पाव जास्त. वापरणाऱ्याने तेवढं मनात धरून वाचायचं. काकांचं म्हणणं होतं की खोट नसलेलं मीटर त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिलं नाही, आणि खोट माहीत असलेल्या मीटराने कधी दगा दिलेला पाहिला नाही.

हा नियम त्यांनी माणसांना लावला होता. नव्या मॅनेजरबद्दल ते म्हणायचे, "त्याला दहा जास्त धर." कॅन्टीनवाल्याला पाच कमी. स्वतःची खोट तर रोज बदलते, म्हणून ती रोज लिहायची आणि संध्याकाळी जाताना पाटी ओल्या फडक्याने पुसायची. पुसल्याशिवाय ते घरी गेल्याचं मला आठवत नाही. आमच्यावरही सक्ती होती: बेंचला हात लावायचा तर आधी आपलं लिहायचं. कुणी लिहायचं 'झोप कमी', कुणी 'सासरे आलेत'. मी तीन वर्षं रोज एकच लिहिलं. शून्य.

काका ते वाचायचे आणि काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "काटा शून्यावर असला की दोनच गोष्टी असतात. आत दाब नसतो, नाहीतर काटा अडकलेला असतो." मी विचारलं, माझी खोट तुम्ही किती धरता? म्हणाले, "तुझी अजून सापडली नाही. काटा हलू दे, मग सांगतो."

त्यांचं घर बडोद्याच्या समा भागात, एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावर. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे, आणि त्याखाली टॅग: सात पुढे. मी दुरुस्त करून देतो म्हटलं तर माझ्यावर डाफरले. दुरुस्त केलं की त्याच्यावर विश्वास बसेल, म्हणाले, आणि मग कधी चुकायला लागलं ते कळणारही नाही. काकू तेव्हा पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. भांडून नव्हे, नातू झाला म्हणून गेल्या आणि राहिल्या. काका सगळ्यांना सांगायचे की आपल्याला एकटं राहायला आवडतं, कटकट नाही. आणि दर रविवारी सकाळी खंडेराव मार्केटात जाऊन चार माणसांची भाजी घ्यायचे. दोन किलो पापडी, जुडीवर जुडी मेथी. मग समात परत येऊन जिना चढता चढता ती शेजाऱ्यांच्या दारांत वाटायचे आणि प्रत्येक दारात करवादायचे, की मी नसलो तर या बायकांना चांगली भाजी निवडून देईल कोण.

एका रविवारी मी बरोबर होतो. पिशव्या धरून मी म्हटलं, काका, एकट्यापुरती घ्या की. ते म्हणाले, "पाव किलो माग, असं तोंडाला सांगतो. हात दोन किलो उचलतो." मग चालता चालता, माझ्याकडे न बघता, "एकटं आवडतं तेही खरं आहे हं. दोन्ही खरं आहे. तोच तर त्रास आहे ने."

तो 'ने', आपल्या 'ना'सारखा, मधूनच त्यांच्या वाक्याच्या शेपटाला यायचा. तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या माणसाचं मराठी. आता कुणाच्याही तोंडून तो 'ने' ऐकला की मी वळून बघतो.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मीटर तपासताना दोन माणसं लागतात: एक वजनं चढवून आकडा वाचणारा आणि एक रजिस्टरमध्ये लिहिणारा. काकांचा नियम होता की लिहिणाऱ्याने मीटरकडे बघायचं नाही. ते बेंचकडे पाठ करून बसायचे. बघितलं की मन आधीच ठरवतं काय दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. वाचणारा मोठ्याने आकडा सांगणार, काका लिहिणार. प्रत्येक आकड्याआधी ते विचारायचे, "ठोकलंस?" म्हणजे काचेवर नखाने दोनदा टकटक केलीस का. अडकलेला काटा तेवढ्याने हलतो. जोरात मारायचं नाही, फक्त नखाने, आणि मग क्षणभर थांबायचं. ते थांबणं महत्त्वाचं, म्हणायचे.

आता माझी खोट.

मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशीही माझे तळवे ओले होतात. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, आईवडिलांनाही नाही, लग्नानंतर बायकोलाही नाही. प्लांटमध्ये उंच टाक्यांवरची मीटरं असायची. त्यांची पाळी आली की मी काहीतरी सबब काढून ती दुसऱ्याला द्यायचो आणि बदल्यात त्याचं कंटाळवाणं काम अंगावर घ्यायचो. लोक मला मदतीला धावणारा समजायचे. आणि उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी, तर माझी कीर्तीच होती. बडोद्यात उत्तरायण म्हणजे अख्खं शहर गच्चीवर. कामावर कुणाला यायचं नसतं. मी दर वर्षी स्वतःहून सांगायचो, तुम्ही पतंग उडवा, मी येतो. त्याग वगैरे काही नव्हता. मला गच्चीवर जायचं नव्हतं.

त्या वर्षी प्लांट चार दिवस बंद ठेवला होता आणि तपासणीचा शेवटचा दिवस नेमका उत्तरायणाचा आला. वर्कशॉपात आम्ही दोघंच. काकांनी घरून उंधियु आणलं होतं, शेजाऱ्यांनी भाजीची केलेली परतफेड. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'गुडघा. आज जिने नकोत.' मी लिहिलं, शून्य.

बारा मीटरं होती. अकरा झाली. बारावं वाफेच्या उंच टाकीच्या माथ्यावर होतं. मी पाना घेऊन शिडीच्या पायथ्याशी गेलो. उभी लोखंडी शिडी, भोवती पिंजरा. सहा पायऱ्या चढलो. कुंपणापलीकडच्या घरांच्या गच्च्यांवरून पतंग कापल्याच्या आरोळ्या येत होत्या, "काप्यो छे, काप्यो छे". मी वर बघितलं, आभाळभर पतंग, आणि टाकी हलते आहे असं वाटायला लागलं. खरं तर मी हलत होतो. सातव्या पायरीवर पाय गेला नाही. किती वेळ तसा लटकून होतो सांगता येत नाही. मग उतरलो.

वर्कशॉपात आलो तेव्हा काका पाठ करून तयार बसले होते, चष्मा कपाळावर. "आणलंस?"

"हो," मी म्हणालो.

बेंच रिकामा होता. गेल्या वर्षीचे आकडे मला पाठ होते. मी एकेक वजन उचललं आणि शेजारच्या लाकडी फळीवर ठेवत गेलो, आवाज यावा म्हणून. काकांनी विचारलं, "ठोकलंस?" मी टेबलावर नखाने टकटक केली. त्यांचं पेन थोडं थांबलं. मग त्यांनी लिहिलं, सगळे आकडे, आणि खाली सही केली. टॅगवर मी आकडा ठोकला आणि तो खिशात टाकला. ठरवलं होतं की दोन दिवसांनी कुणालातरी वर पाठवून गुपचूप करून घेईन. तेवढीच माझी योजना.

मी कुणाला गाठण्याआधीच तिसऱ्या दिवशी प्लांट सुरू झाला. दुपारी त्या टाकीच्या झाकणातून गळती दिसली म्हणून वाफ सोडून दिली, आणि सुरेशभाई नावाचे ऑपरेटर झाकण बघायला वर गेले. काटा शून्यावर होता. म्हणजे आत काही नाही. त्यांनी बोल्ट सैल केला. आत वाफ होती. काटा अडकलेला होता.

त्यांचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. हात वाचला, पण बोटं पुन्हा पूर्ण मिटली नाहीत. ते उत्तम पतंग उडवायचे असं नंतर कुणीतरी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

चौकशी झाली. रजिस्टर उघडलं. अक्षर काकांचं, सही काकांची. साहेबांनी विचारलं, हे मीटर खरंच खाली आणलं होतं का? टॅग कुठे आहे? मी काकांच्या शेजारी उभा होतो, टॅग पँटच्या खिशात होता. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. जरा वाट बघितली. मला ते थांबणं कळलं, आणि मी गप्प राहिलो. मग ते म्हणाले, "सही माझी आहे. टॅग बांधलेला डोळ्यांनी बघणं माझं काम होतं. मी बघितला नाही."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. त्यांना वर्कशॉपमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं. दोन वर्षांनी ते तिथूनच निवृत्त झाले. त्यांची जागा मला मिळाली, कारण मी मेहनती होतो, उत्तरायणालाही यायचो.

स्टोअरमध्येही ते तसेच होते. तिथल्या जुन्या वजनकाट्याला टॅग बांधला, डुगडुगत्या स्टुलाला टॅग बांधला: 'डावीकडे झुकतं'. मी काही सामान न्यायला गेलो की चहा पाजायचे. वर्कशॉपची चौकशी करायचे. पाटी आहे ने अजून? आहे म्हटलं. तू काय लिहितोस? मी हसल्यासारखं करायचो. त्यांनी मला टाळलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर मी सुटलो असतो. ते बिस्किटं पुढे करायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी समातलं घर विकलं आणि पुण्याला काकूंकडे जायचं ठरवलं. एकटं राहणं आवडतं ते खरंच होतं. मुलाला त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं आणि तिकीट काढलं. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. सयाजीगंजात एका टपरीवर आम्ही चहा घेतला, मग सामान घेऊन फलाटावर आलो. घड्याळ त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घेतलं होतं, टॅगसकट. मी त्या दिवशी ठरवून आलो होतो. बाराव्या मीटराचा टॅग शर्टाच्या खिशात होता.

बाकावर बसल्यावर काका म्हणाले, "त्या दिवशी वजनं लाकडावर वाजली."

मी घड्याळाची पिशवी पायाशी ओढून घेतली.

"पिस्टनवर ठेवलेलं वजन असं वाजत नाही. मला कळलं होतं. मी वळलो नाही. सगळ्यांना वाटतं, नियम म्हणून वळलो नाही. वळलो असतो तर वर मला चढावं लागलं असतं, आणि माझा गुडघा दुखत होता. एवढंच. नियम काय, कामाला आला." ते थोडे हसले. "सुरेशभाईला मी हे सांगितलं. घरी जाऊन. त्याने चहा दिला. पुन्हा ये म्हणाला नाही."

मग त्यांनी माझ्याकडे वळून माझ्या शर्टाच्या खिशावर नखाने दोनदा टकटक केली. आत पत्रा होता, तो वाजला. आणि ते थांबले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. फलाटावर माणसं उठायला लागली होती. शब्द तोंडात तयार होते, तीनच शब्द, मी चढलो नाही.

मी म्हणालो, "काका, गाडी आली."

पुढे दर उत्तरायणाला दुपारी त्यांचा फोन यायचा. वीस वर्षं, एकदाही चुकला नाही. बोलणं ठरलेलं. "गच्चीवर गेलास का?" नाही. "मग कुठे आहेस?" कामावर. "बरं." मग थोडा वेळ काहीच नाही, नुसता त्यांचा श्वास. मग पुण्याच्या थंडीबद्दल एखादं वाक्य, किंवा इथे मेथीला चव नाही असं, आणि फोन बंद. मी वर्षभर त्या फोनची वाट बघायचो आणि वाजला की उचलू नये असं वाटायचं. दोन्ही खरं आहे.

या वर्षी फोन आला नाही. चार वाजले, पाच वाजले, बाहेर पतंग उतरायला लागले. शेवटी मीच लावला. काकूंनी उचलला. डिसेंबरातच गेले, म्हणाल्या, झोपेत. तुम्हाला कळवायचं राहिलं, नंबर त्यांच्या डोक्यात होता, कागदावर नव्हता. मी काहीतरी बोललो. मग त्यांनीच विचारलं, तुम्ही ते शून्यवाले ना?

"तुमचा विषय नेहमी काढायचे," त्या म्हणाल्या. "मी विचारायचे, दर वर्षी फोन करता, तर बोलत का नाही नीट? तर म्हणायचे, तो कमी दाखवतो गं. आत पुष्कळ आहे. जोरात ठोकायचं नाही, काच फुटते."

मी फोन ठेवला आणि वर्कशॉपच्या पायरीवर बसून राहिलो. माझी खोट त्यांना केव्हाच सापडली होती. मला सांगितली नव्हती, काटा हलायची वाट बघत होते.

पाटी अजून आहे. काका कोण ते माहीत नसलेली मुलंमुली तिच्यावर रोज लिहितात, कंपनीची जुनी रीत समजून. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, निम्मे लोक रजेवर. मी लवकर गेलो आणि लिहिलं: 'उंचीची भीती, पहिल्यापासून. बारावं मीटर उतरवलं नाही. आकडे खोटे सांगितले. सुरेशभाई भाजले. काका गप्प राहिले.' टॅग खिशातून काढून पाटीच्या खिळ्याला अडकवला. गंजला होता, आकडा मात्र वाचता येत होता.

जे चार-पाच जण आले ते पाटीसमोर उभे राहिले. कुणी हसलं नाही. आमच्याकडे ऋतुजा नावाची इंजिनियर आहे, बडोद्यातच वाढलेली. तिने विचारलं, "सर, कोण काका?"

मग मला सगळं सांगावं लागलं. अमावस्या, पापडी, घड्याळ, पाठ करून बसणं. हसायच्या जागी ते हसले. फळीवर वजनं ठेवल्याचं सांगितलं तेव्हा सगळे बेंचकडे बघायला लागले. दुपारी ऑफिसातही लिहून दिलं. तिथल्या माणसाने दोनदा वाचलं आणि विचारलं की याचं आता काय करायचं.

संध्याकाळी निघताना मी पाटीपाशी थांबलो. वाटत होतं, हे तसंच राहू द्यावं. इतक्या वर्षांनी लिहिलं आहे. ऋतुजा ओलं फडकं घेऊन आली, थोडी घुटमळली.

"सर, पुसायचं ने? नियम आहे."

मी म्हणालो, आजचा दिवस राहू दे.

"मग उद्याचं कुठे लिहिणार?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तिने पाटी पुसली.

दुसऱ्या दिवशी मी पाटीपुढे बराच वेळ उभा होतो. सुरेशभाई आता निवृत्त आहेत. समातच राहतात, काकांच्या जुन्या सोसायटीपासून दोन गल्ल्या पलीकडे. त्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी याआधी दोनदा जाऊन आलो आहे. खडू उचलला आणि लिहिलं: 'रविवारी सुरेशभाईंकडे. जायचं नाही. जाणार आहे.'